वाढीचा रकाना नव्हता

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहिलं, दोनदा उडवलं. कारण यात ज्याचं चुकलं तो माणूस माझ्याच घरचा आहे, माझे सख्खे आजोबा, आणि ते अजून आहेत, लोह्याला ओट्यावर खुर्ची टाकून रोज सकाळी पेपर वाचतात. पण काल त्यांचाच फोन आला, लिहिलंस का म्हणून. मग म्हटलं लिहून टाकावं. भरभर टाइप करून राहिले, चुका असतील तर असू द्या, थांबून वाचायला गेले तर परत उडवीन.

गोष्ट पंचफुलाबाईंची आहे. मी लातूरला बीएस्सीला आहे, सेकंड इयर, केमिस्ट्री, आणि त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. आजी म्हणते मी त्यांना. वय पासष्टच्या पुढं, नक्की त्यांनाही माहीत नाही, बहात्तरच्या दुष्काळात नुकतीच लुगडं नेसायला लागले होते एवढंच सांगतात. उंच, काटक, पण चार पायऱ्या चढल्या की दम लागतो, मग तिथंच बसून घेतात आणि तिथूनच सगळ्या गल्लीवर नजर. आमच्याकडं नळ आठ दिवसांनी येतो. त्या दिवशी माझी बादली भरून वाहिली की लगेच आवाज, "कॉलेजवाली, पानी काय तुझ्या बापानं पाठवलं का?" मुलगा पोस्टात आहे, सून अंगणवाडीत. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. आणि एक गोष्ट मला आल्यापासून विचित्र वाटायची, त्या घरात चुना कुठंच नाही. मागच्या भिंतीला नाही, दारातल्या लिंबाच्या बुंध्याला नाही. आजी पान खातात ते पण बिनचुन्याचं, नुसती सुपारी आणि कात.

ही खोली आजोबांनी शोधली होती. त्यावरून घरात थोडं झालंच. आईचं म्हणणं, आपल्यातलं घर बघू. आजोबा असल्या गोष्टीत कधी पडत नाहीत, त्या दिवशी म्हणाले तिथंच ठेवायची, नसेल ठेवायची तर शिकवूच नका. आम्हाला वाटलं कुणाच्या तरी ओळखीचं घर असेल. सोडायला मात्र ते आले नाहीत. लातूरच्या स्टँडवर उतरले, मला आणि बाबांना रिक्षात बसवलं आणि परतीच्या गाडीत जाऊन बसले.

आता मागच्या महिन्यातलं सांगते. प्रॅक्टिकलला चुनखडी भाजून वजन किती कमी होतं ते काढायचं होतं. भाजली, वजन घेतलं, बरोबर कमी झालेलं. मग सुट्ट्या आल्या. ते भांडं मी काचेच्या बरणीत ठेवलं, हवा लागू नये म्हणून झाकण घट्ट बसवायचं असतं तिचं, आणि मी ते नीट बसवलंच नाही. सोमवारी काट्यावर ठेवलं तर वजन वाढलेलं. तीनदा काटा शून्यावर आणून बघितला. सर म्हणाले, उघडं ठेवलंस, हवेतली ओल घेतली त्यानं, परत कर सगळं. मी वैतागून घरी आले. आजी पायरीवर होत्या, त्यांच्यासमोरच सगळं ओकून टाकलं, की मी हात लावला नाही, काही घातलं नाही, नुसतं ठेवलेलं, तरी वजन वाढलं.

आजी सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला.

"वाढलं का घटलं?"

वाढलं, म्हटलं.

"मग तुला चोर म्हनले का?"

मला कळेचना. चोर कशाला म्हणतील, झाकण लावायला विसरलीस म्हणाले.

"एवढंच?"

एवढंच, म्हटलं. त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या की जसं मी काहीतरी खोटं बोलून राहिले. मग अडकित्ता खाली ठेवला आणि बोलायला लागल्या. त्या दिवशी थोडं, दुसऱ्या दिवशी थोडं, असं चार दिवस चाललं. मी ते सलग लावून सांगते.

त्यांचं गाव जळकोटकडचं. नाव लिहू नको म्हणाल्या, ज्यांचं हाय त्यांना कळंल. त्यांचे वडील दगडोबा चुना भाजायचे. ओढ्याकाठची चुनखडी गोळा करायची, भट्टीत लाकडाचा आणि तिचा थर लावायचा, दोन दिवस जाळ. बाहेर निघतात त्या पांढऱ्या कळ्या, तो कळीचा चुना. बहात्तरला दुष्काळ पडला तेव्हा पाझर तलावाचं सरकारी काम निघालं, दगडोबांना तिथं भट्टी लावायला घेतलं आणि पंचफुलाबाई डोक्यावरून चुन्याच्या पाट्या वाहायला लागल्या. दुपारी सुकडी मिळायची, ती अर्धी खाऊन अर्धी लहान भावाला.

आणि इथंच त्यांना ते कळलं. कुणी सांगितलं नाही, डोक्याला कळलं. भट्टीतून निघालेली पाटी हलकी. तीच पाटी झोपडीत आठ दिवस पडली की कळ्या तडकतात, फुलतात, त्यांचं पीठ होतं, आणि उचलताना मान दबते. त्यांनी वडिलांना विचारलं. दगडोबा म्हणाले ताजा चुना तहानलेला असतो, पाणी दिलं नाही तर हवेतून ओढून घेतो. आजी सांगत होत्या की त्या साली विहिरीच्या तळाला वाटीनं पाणी काढत होते, बाया पहाटे रांगा लावत होत्या, ओठ फुटलेले, हवा नुसती कोरडी, आणि तसल्या हवेतूनसुद्धा चुना पाणी पिऊन जड होत होता. "मानसाला मिळंना आन् त्याला मिळायलं," म्हणाल्या. पुस्तकात हे दोन ओळीत लिहिलेलं आहे, भाजताना चुनखडीतला वायू उडून जातो म्हणून ती हलकी होते, मग उघड्यावर राहिली की आधी हवेतली ओल घेते आणि मग हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड पण घेते, म्हणजे गेलेलं सगळं परत मिळवत मिळवत पुन्हा दगड व्हायला बघते. छप्पन किलोचे चौऱ्याहत्तर होतात, आणि पुरतं हवेला लागलं तर शंभर. मी हे पाठ केलंय, मार्क घेतलेत. डोक्यावर घेतलं नव्हतं.

दुष्काळ सरला तरी त्या रोजंदारीवर राहिल्या. एका सरकारी गोदामाची राखण मिळाली, खातं कुठलं ते मी लिहीत नाही. किल्ली त्यांच्याकडं, कागद गोदामबाबूंकडं. बाईनं राखण करायची आणि तीही त्यांच्या वस्तीतल्या बाईनं, ह्याचंच लोकांना नवल होतं, म्हणाल्या. सही करायला तिथंच शिकल्या. दहा वर्षं रोजंदारी. आज ना उद्या कायम करतील, एवढी एकच आशा. नवरा हैदराबादला बांधकामावर, मूल काखेत.

ऐंशी साली गोदामात दगडोबांच्याच भट्टीतून चाळीस पोती कळीचा चुना आला, एकेक पोतं पन्नास किलो, म्हणजे दोन हजार किलो. बंधाऱ्याच्या कामासाठी. काम मंजूरच झालं नाही, चुना पडून राहिला. मार्चला मोजणी आली. वजन केलं तर चोवीसशे.

बाबू घाबरले. कारण मोजणीच्या फॉर्मात आवक होती, जावक होती, घट होती, शिल्लक होती. वाढीचा रकानाच नव्हता. माल कमी झाला तर लिहायला जागा, उंदरानं खाल्ला, सांडला, काहीही. जास्त झाला तर लिहायचं कुठं? बाबूंनी वरच्यांना विचारलं, वरचे म्हणाले जुळवून घ्या. जुळवून घ्यायचं म्हणजे काय, तर वरचा चारशे किलो चुना मागच्या ओढ्यात टाकायचा. टाकला. पंचफुलाबाईंनीच घमेल्यानं वाहून टाकला, बाबू काठावर उभे राहून घमेली मोजत होते. पुढच्या मार्चला परत वाढला, परत अडीचशे किलो ओढ्यात. "माझ्या बापानं भाजलेला चुना, मीच फेकला," म्हणाल्या.

मी वही काढून गणित मांडलं आणि मला धक्काच बसला. पहिल्यांदा सहावा हिस्सा गेला, दुसऱ्यांदा उरलेल्यातला नववा. कागदावर एका किलोची घट नाही, दोन हजार म्हणजे दोन हजार, आणि खऱ्या चुन्याचा पाव हिस्सा ओढ्यात. कुणी चोरला नाही, कुणी खाल्ला नाही. नीट हिशोब ठेवण्याच्या नादात माल संपवत होते. आणि हे कुणाला वेडेपणा वाटलाच नाही का, मी विचारलं. आजी म्हणाल्या, "कागद बरोबर होता की."

मग ब्याऐंशी साल. ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला. आधी सगळं उस्मानाबादला होतं. पेढे वाटले, बँड लावला, आणि मग गोदामं, कपाटं, खुर्च्या, दोर, घमेली सगळं जुन्या जिल्ह्याकडून नव्या जिल्ह्यानं मोजून घ्यायला सुरुवात केली. हुकूम असा होता की ज्यांचा माल चोख उतरेल त्या रोजंदारीवाल्यांची नावं कायम करायला पाठवायची. पंचफुलाबाईंचं नाव यादीत होतं. त्यांनी सगळं गोदाम झाडून, सारवून ठेवलं.

मोजणी घेणारे नव्या जिल्ह्याचे साहेब दोन दिवस आधीच आले. न सांगता. त्यामुळं यंदाची वाढ ओढ्यात गेलीच नव्हती. काट्यावर दोन हजार एकशे नव्वद भरले.

साहेबांनी विचारलं हे वरचे एकशे नव्वद काय आहे. बाबू कागद चाळायला लागले. पंचफुलाबाई म्हणाल्या हवेनं वाढतो साहेब, चुन्याची जातच तशी. लोक हसले. साहेब म्हणाले हवेनं वजन वाढतं तर मग आम्ही जेवतो कशाला. त्यांचं म्हणणं सरळ होतं, चांगला चुना विकला, त्यात राख-माती मिसळून पोती भरली, मिसळताना हात सैल सुटला. किल्ली कुणाकडं? पंचफुलाबाईंकडं. आणि मग साहेब ते बोलले जे त्या बेचाळीस वर्षांनीही जसंच्या तसं सांगतात.

"तुमच्या वस्तीतलं विहार यंदा जयंतीला फार पांढरं झालं होतं म्हणे. कुठला चुना तो?"

दगडोबांच्या भट्टीचा होता. वस्तीतल्या प्रत्येक घरानं लाकूड दिलं होतं, पोरांनी रात्रंदिवस आळीपाळीनं जाळ धरला होता. पण ते ऐकायला कुणी थांबलंच नाही.

त्या बावीस-पंचवीस वर्षांच्या बाईनं तिथं काय केलं बघा. म्हणाल्या, माझ्या बापाकडून ताजा चुना आणा, तुमच्या काट्यावर पन्नास किलो घाला, पोतं तुम्ही शिवा, लाखेचा शिक्का तुम्ही मारा, ठेवा तुमच्याच खोलीत, मला दारात पण उभं करू नका. एकवीस दिवसांनी उघडा. वाढला नाही तर मला पोलिसात द्या. हा प्रयोग आहे. हे मला कॉलेजात शिकवतात, की आपला हात लागणार नाही अशी सोय आधी करायची. त्यांना कुणी शिकवलं होतं? साहेब गंमत म्हणून हो म्हणाले.

भादव्याची हवा, दमट. अठराव्या दिवशी साहेबांच्या खोलीत पोतं फुटलं. चुना फुगतो ना, शिवणच उसवली. शिपाई बोलवायला आला. फायलींवर, खुर्चीवर, साहेबांच्या बुटांवर पांढरं पीठ, आणि शिक्का जसाच्या तसा. झाडून गोळा केलं, काट्यावर टाकलं, अठ्ठावन्न किलो. सगळे बघतच राहिले. साहेब पण. पंचफुलाबाईंना वाटलं झालं, सुटलो.

इथं त्या थांबल्या होत्या सांगताना. मला वाटलं आता चांगलं होणार. मी हसून राहिले होते पण.

साहेबांनी मागच्या दोन वर्षांचे कागद मागवले. बोट ठेवलं. एक्याऐंशी मार्च, दोन हजार. ब्याऐंशी मार्च, दोन हजार. आणि म्हणाले, ठीक आहे, चुना वाढतो, मान्य. मग ह्या दोन वेळी का नाही वाढला? वाढलेला चुना गेला कुठं?

म्हणजे पंचफुलाबाईंनी स्वतःच सिद्ध केलं होतं की चोरी झाली.

पंचफुलाबाईंनी बाबूंकडं बघितलं. बाबू बोलेनात म्हणून त्याच म्हणाल्या, ओढ्यात टाकला, बाबूंनी टाकायला लावला, दोन्ही वेळा. चला ओढ्याला, दाखवते. साहेबांनी बाबूंना विचारलं, खरं का हे?

बाबू म्हणाले, "मला काय माहीत साहेब. किल्ली तिच्याकडं असते."

ओढ्याला कुणी गेलं नाही. चिखल होता.

मी चिडून विचारलं, कोण होता हा बाबू, नाव सांगा. आजी माझ्याकडं बघत होत्या आणि मला त्या नजरेतूनच कळायला लागलं होतं, का ते माहीत नाही.

"शेषेराव," म्हणाल्या. "लोह्याचे."

माझ्या आजोबांचं नाव. मी उठून उभी राहिले आणि परत बसले. म्हटलं, आजी, तुम्हाला माहीत होतं? त्या म्हणाल्या पहिल्याच दिवशी. आधारची झेरॉक्स सुनेनं वाचून दाखवली, गाव, आडनाव. "आन् तुझं नाकबी तेच हाय."

मग खोली कशाला दिली? मी जवळजवळ ओरडलेच.

"लेकरू शिकाया आलतं," एवढंच म्हणाल्या, आणि सुनेला हाक मारून मला चहा द्यायला सांगितला. तो चहा मी तसाच ठेवला.

पुढचं थोडक्यात सांगतात त्या, कारण ते सांगताना त्यांना दम जास्त लागतो. पोलिसात दिलं नाही, कामावरून काढलं. बाबू नव्या जिल्ह्यात कायम झाले. गावात चुनाचोर नाव पडलं, ते एक वेळ सहन झालं, म्हणाल्या. पण पुढच्या एप्रिलला जयंती आली आणि त्यांच्या स्वतःच्या वस्तीनं विहाराला चुना लावला नाही. कुणी त्यांना एक शब्द बोललं नाही. नुसतं लावलाच नाही, पावसाचे ओघळ तसेच राहू दिले. सगळ्यांना वाटलं होतं की मागचा चुना खरंच चोरीचा होता. दगडोबांनी भट्टी मोडली. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाई मुलाला घेऊन लातूरला आल्या, बांधकामावर विटा वाहिल्या, मग एका शाळेत खिचडी शिजवली, मुलाला शिकवलं. लातूर ते जळकोट किती लांब आहे? त्या परत गेल्या नाहीत. वडिलांच्या मातीला पण गेल्या नाहीत.

मी दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून लोह्याला गेले. आजोबा ओट्यावरच होते. मी चप्पल पण काढली नाही, विचारलं, ओढ्यात चुना कुणी टाकायला लावला?

त्यांनी पेपरची घडी घातली. मला वाटलं होतं नाही म्हणतील, किंवा चिडतील. ते म्हणाले, "किती दिवस लावले तू विचारायला. दोन वर्षं झाली तुला तिथं ठेवून."

म्हणजे मला त्यासाठी ठेवलं होतं. त्यांच्या तोंडून निघत नव्हतं म्हणून माझ्या तोंडून निघावं म्हणून. मला एवढा राग आला, मी म्हटलं तुम्ही मला पोस्टाचं पाकीट समजलात का. मग ते रकान्याचं सांगायला लागले, की फॉर्ममध्ये जागाच नव्हती गं, सरकारी माल फेकला म्हटलं असतं तर मी गेलो असतो, मी पण कायम नव्हतो, तुझी आत्या तान्ही होती. मी म्हटलं तिचं पण मूल काखेत होतं. त्यावर त्यांनी पेपरची घडी परत मोडली. म्हणाले, "चार शब्द होते. ओढ्यात मीच टाकायला लावला. त्या दिवशी निघाले न्हाईत, मग रोज वाटायचं उद्या."

त्यांची पेन्शन येते. तिच्यातूनच माझी फी जाते. हे मला एकदम आत्ता लिहिताना कळलं असं नाही, तिथंच ओट्यावर कळलं होतं, आणि मी चप्पल काढून त्यांच्या शेजारी बसले.

त्याच आठवड्यात त्यांना लातूरला घेऊन आले. गुडघ्याचं कारण सांगून बघितलं त्यांनी, मी ऐकलं नाही. आजी पायरीवर होत्या. आजोबांनी टोपी काढली, मी त्यांना कुणासमोर टोपी काढताना कधी बघितलं नाही. जयभीम बाई, म्हणाले. मग ते चार शब्द म्हणाले, आणि पुढं माफीचं काहीतरी, ते नीट ऐकू पण आलं नाही.

आजी म्हणाल्या, "बसा बाबू." सुनेनं पाणी आणलं. आजोबा पाणी प्यायले. मी वाट बघून राहिले, की आता त्या रडतील, शिव्या देतील, काहीतरी.

"मला सांगून काय करता," म्हणाल्या. "मला ठाऊकच हाय. तिथं जाऊन सांगा."

बास. एवढंच. उठून आत गेल्या.

मग आम्ही त्यांच्या गावाला गेलो. आजोबा, मी आणि माझ्या मैत्रिणीचा भाऊ, त्याची जीप. आजींना चला म्हटलं तर नको म्हणाल्या, दम पुरणार नाही, आणि आधी तुम्ही जाऊन या. विहार आता पक्कं झालंय, निळा-पांढरा ऑइल पेंट, फरशी. समोर आठ-दहा माणसं जमली, त्यातली निम्मी माझ्या वयाची, त्यांना काही ठाऊकच नव्हतं. ब्याऐंशी सालातले एकच होते, पंढरी तात्या, डोळ्यांनी अधू, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आलेले. आजोबांनी उभं राहून सगळं सांगितलं. रकाना, दोन मार्च, घमेली, ओढा, आणि साहेबांसमोर काय बोलले ते. मला वाटलं होतं गाळतील काहीतरी. गाळलं नाही.

पंढरी तात्यांनी ऐकून घेतलं. विचारलं, "मग बेचाळीस वर्सं तोंडात काय चुना धरला हुता का?"

कुणी हसलं नाही. आजोबा हाव म्हणाले, नुसतं हाव.

मग तात्या जमिनीकडं तोंड करून बोलायला लागले. त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हाच फोनवर लिहून घेतलं. ते म्हणाले, त्या साली चुना लावायचा न्हाई असं बैठकीत मीच म्हनलो हुतो. दगडोबा त्या बैठकीत बसला हुता, माझ्यासमोर. तो काई बोलला न्हाई, उठून गेला. भट्टीला लाकूड माझ्या घरनं पन गेलतं, माझ्या हातानं मी जाळ धरला हुता, मला ठाऊक हुतं ना तो चुना कुठला. तरीबी मी म्हनलो. साहेब म्हनला म्हनून म्हनलो.

मला वाटत होतं एकट्या माझ्या आजोबांनी केलं हे. स्वतः जाळ धरणाऱ्या माणसाला पण शेवटी साहेबाचंच खरं वाटलं, हे ऐकून मी सुन्न झाले. अजून आहे.

त्या बैठकीत अजून कोण कोण होतं, आजोबांनी विचारलं. तात्यांनी बोटं मोजली. काही गेले. बाकीचे पुण्याला, हैदराबादला, एक नांदेडला मुलीकडं, दोघं कुठं आहेत माहीत नाही. आम्ही नंबर मागितले, तीनच लागले, त्यातल्या एकानं ऐकून फोन ठेवला. पंढरी तात्या म्हणाले मी येतो, मला न्या. पुढच्या रविवारी त्यांचा नातू त्यांना मोटारसायकलवर मधे बसवून, मागं अजून एक जण धरून, लातूरला घेऊन आला. ते आत गेले तेव्हा मी मुद्दाम वर खोलीत जाऊन बसले, म्हणून काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि विचारलं पण नाही. तासभर होते. गेल्यावर आजी एवढंच म्हणाल्या की लई म्हातारा झाला, आन् अजून कोन आलं न्हाई का?

म्हणून हे लिहिलं. मागच्या बुधवारपासून त्यांच्या खाटेजवळ ऑक्सिजनचं मशीन आणून ठेवलंय. भट्टीची आणि गोदामाची धूळ आहे छातीत, डॉक्टर म्हणाले, आता ती निघत नाही. आजोबा रोज फोन करून विचारतात, कुणी आलं का. कुणी आलेलं नसतं.

तुम्ही त्या गावचे असाल, किंवा तुमचे वडील, तुमची आई त्या गावची असेल, जळकोटकडची, जिथं त्र्याऐंशीच्या जयंतीला विहार बिनचुन्याचं राहिलं होतं, तर घरात विचारा. म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल, आठवत नाही म्हणाले तरी परत विचारा. आणि त्यांना घेऊन जा. पत्ता मला मागा, नाहीतर पंढरी तात्यांच्या नातवाला मागा. काही मोठं बोलायची गरज नाही. गावाहून आलो म्हणा, दगडोबाच्या पंचफुलेला भेटायला आलो म्हणा. ह्या रविवारी जमत असेल तर पुढच्या रविवारवर टाकू नका.